गव्हाखालची चांदी

मोसुल, ता. ३ सप्टेंबर १९९६

ती. गानिमदादास,

सलाम व शि. सा. न. वि. वि. तुझं मागचं पत्र येऊन इतके दिवस झाले, की त्यातली सर्दी एव्हाना आपोआप बरी झाली असेल असं धरून चालते. तू लिहितोस कमी आणि खोकतोस जास्त, हे वहिनी होती तेव्हापासूनचं आहे.

मी ठीक. गुडघे आहेत, म्हणजे दुखतात. रेशनच्या पिठात या खेपेला काय मिसळलंय कोण जाणे, रोटी तंदूरच्या भिंतीला धरतच नाही, गळून राखेत पडते. शाळेत पेन्सिली नाहीत. एकीचे तुकडे करून वाटतो. निवृत्त झाले तरी मला बोलावतात, कारण तरुण मास्तरणी घरी बसून शिवणकाम करतात, त्यात जास्त सुटतं. शामिलचंही तेच. सकाळी भूगोल शिकवतो आणि दुपारी टॅक्सी चालवतो. मी म्हटलं, जावईबापू, निदान रस्ते तरी पाठ झाले. तो हसला नाही. हल्ली हसत नाही.

लेक रजवा बरी आहे, वाळली आहे. तिच्या पोरीला, तीबाला, दम लागतो. डॉक्टर म्हणतात, दम्याचा फवारा आणा. फवारा अम्मानला मिळतो, इथे नुसतं त्याचं नाव मिळतं.

आता काम. अबू दाऊद ड्रायव्हरबरोबर तुळशीच्या बियांची पुडी पाठवली आहे. बियांच्या आत कापूस आहे आणि कापसात एक चांदीचं नाणं. शामिलचं आहे. गावाकडच्या घराची जमीन खणताना सापडलं म्हणतो, आणखीही आहेत म्हणतो, डबाभर. त्याला ती विकून रजवा-तीबाला घेऊन अम्मानला जायचंय. तिथल्या व्यापाऱ्याने निरोप धाडलाय, की बाजारात खोट्याचा सुळसुळाट झालाय, गानिम सबरींच्या सहीचा कागद असेल तरच बोलू. तुझी सही तुझ्यापेक्षा जास्त फिरलेली दिसते.

तेव्हा बघून कळव. खरं असेल तर कागद दे. डोळ्यांना जप.

तुझ्या मायेची सवय लागलेली,
नजला


बगदाद, ता. ११ सप्टेंबर १९९६

चि. नजलास,

अ. उ. आ. वि. वि. खोकला तू पत्रातूनच बरा केलास. बिया पोचल्या, सरबत करून प्यायलो. अबू दाऊदला तू काय सांगितलंस ठाऊक नाही, पण त्याने पुडी अशी दिली की जणू तुझं मूत्रपिंड पोचवतोय.

मी अजूनही सकाळचा झहरून सोनाराच्या दुकानात बसतो. त्याचं काम नक्षीचं, माझं काम नाही म्हणण्याचं. लोक रुमालाच्या गाठी सोडतात. कुणाच्या आजीच्या शिरपेचातलं असतं, कुणी शेतात सापडलं म्हणतो. दहातली नऊ खोटी. मी खोटं म्हटलं की माणूस ते माझ्या हातातून काढून घेतो आणि परत गाठ मारतो, तशीच, काळजीपूर्वक. ते बघून बघून मी थकलो आहे.

लोक समजतात, नाणं खणखणीत वाजलं की खरं. बाराशे वर्षं मुरलेली चांदी तशी वाजत नाही. तिचा आवाज बसलेला असतो, माझ्यासारखा. खणखणतं ते बहुधा गेल्या वर्षी ओतलेलं असतं. ओतीव नाण्यावरची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत असतात आणि कडेला साच्याची शीर घासून काढल्याची खूण असते. जुन्या अक्षरांना नुक्ते, म्हणजे वरचे-खालचे ठिपके, नसत. सालातले ‘सात’ आणि ‘नऊ’ हे शब्द अक्षराच्या एका उचललेल्या दातावरून ओळखायचे, आणि नक्कल करणारा तो दात विसरतो.

तुझ्या कापसातलं नाणं खरं आहे. वासितच्या टाकसाळीतला दिरहम. इतकं खरं मला नको होतं.

नीट वाच. मातीतून वर आलेल्या चांदीच्या अक्षरांत काळाहिरवा मळ असतो. हे नाणं कुणीतरी साफ केलेलं आहे, मऊ ब्रशने, घाई न करता, आणि वर संरक्षणाचा पातळ लेप दिलेला आहे. खेड्यात जमीन खणणारा माणूस असं करत नाही. हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. मी केलं. चौऱ्याहत्तर साली दक्षिणेत नांगरताना एक मडकं फुटलं होतं, त्यातली ही. टाकसाळीतल्या ठशाला तडा गेला होता. तो ‘वासित’ शब्दाच्या मधून केसासारखा उठलेला आहे. त्यावर मी लेख लिहिला, छायाचित्रासकट. मग ती सगळी नाणी तिथल्याच गावच्या छोट्या संग्रहालयात ठेवली. एक्क्याण्णवच्या धामधुमीत ते संग्रहालय लुटलं गेलं.

अशा मालासकट पकडलेल्यांचं काय होतं, ते तू वर्तमानपत्रात वाचलं आहेस. शामिलला म्हणावं, तोंड मिटून ठेव आणि डबा घेऊन स्वतः माझ्याकडे ये. पोस्टाने यातलं अक्षर लिहू नकोस, अबू दाऊदच बरा. हे पत्र जाळ.

तुझी काळजी करण्यात म्हातारा होत असलेला,
गानिम


मोसुल, ता. २० सप्टेंबर १९९६

ती. दादास,

सलाम व शि. सा. न. तुझं पत्र जाळलं नाही. आजवर तुझं एकही जाळलेलं नाही, या वयात नवी सवय कुठून लावू. कुठे ठेवलंय ते मात्र मलाच सापडणार नाही, इतकं नीट ठेवलंय.

शामिलला विचारलं. रजवा तीबाला घेऊन शेजारी गेली होती. मी म्हटलं, तुझ्या वडिलांच्या घराची जमीन मातीची आहे की संगमरवराची, कारण त्यातून निघालेली चांदी फार स्वच्छ आहे. तो चहा ढवळत राहिला. साखर नव्हतीच त्यात. मग म्हणाला, मामांना कळलं का. मी म्हटलं, मामांनीच धुतली होती ती. त्यावर त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, मी चोर नाही, मामी. मला तो कधी मामी म्हणत नाही, अम्मी म्हणतो. घाबरला की माणसाचं नातंही चुकतं.

तो येतो आहे. त्याच्यावर ओरडू नकोस. ओरडलास तर खोकशील.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव. तुझं उत्तर यायच्या आधी मी रोज मनात म्हणत होते, की नाणं खोटं निघू दे. खोटं निघालं असतं तर कुणी कुठे गेलं नसतं. रजवा इथे दोन गल्ल्यांवर राहिली असती, शुक्रवारी आली असती, खिमा भरलेल्या कुब्ब्याचं आवरण जाड झालं म्हणून मला बोल लावले असते. तीबाचा दम ऐकत मी हे मनात आणत होते, यावरून आई म्हणून माझी काय किंमत आहे ते तूच ठरव, तुला किंमत ठरवायची सवय आहे.

आणि अजूनही वाटतं. तू म्हणालास खोटं, तर सगळे विश्वास ठेवतील. शामिलसुद्धा. तुझ्या शब्दापुढे त्याच्या डोळ्यांचं काय चालणार. डबा कुठेतरी पडून राहील, कुणी पकडलं जाणार नाही, पोर इथे राहील. एवढं एकदा खोटं बोलशील का?

लिहून टाकलं. आता वाचून बघत नाही.

तुझीच,
नजला


बगदाद, ता. ६ ऑक्टोबर १९९६

चि. नजलास,

अ. उ. आ. शामिल येऊन गेला. तुझे सिंजारचे अंजीर मिळाले. डबा त्यांच्याच पोत्यात होता. नाक्यावर शिपायाने वरचे मूठभर अंजीर खाल्ले आणि पोतं सोडलं. शामिलला ते सांगताना घाम येत होता, मला ऐकताना.

जेवणाच्या टेबलावर तुझ्या वहिनीची पांढरी चादर अंथरली. डबा दुधाच्या पावडरीचा, आतून अजून वास येतो. मी एकेक नाणं उचलून वाचत गेलो, तो समोर बसला होता. वाचायला भिंग लागलं नाही, बोटांना आठवत होतं. टाकसाळ, साल, कडेची वर्तुळं. त्या मडक्यातलं एकही नाणं कमी नव्हतं. मला वाटलं होतं, त्याने अर्धी तरी फुंकली असतील. एकही नाही.

मग त्याने सांगितलं. एक्क्याण्णवला त्याची तुकडी उधळली आणि तो दक्षिणेतून पायी घरी निघाला. त्या गावातून जाताना संग्रहालयाचं दार उघडं होतं. लोक खुर्च्या नेत होते. एकजण छताचा पंखा सोडवत होता. काचा फुटलेल्या, जमिनीवर नाणी सांडलेली, आणि लोक त्यांवरून चालत होते, कारण त्यांना पंखा हवा होता. तो गुडघ्यावर बसला आणि वेचू लागला. म्हणाला, मामा, मला वाटलं, निवळलं की कुणाच्या तरी हातात देईन. निवळल्यावर कळलं, की देणाऱ्यालाच विचारतील, तुझ्याकडे कशी आली. त्यापुढे दर महिन्याला देणं आणखी अवघड झालं. गावच्या घरी गव्हाच्या कोठारात तळाशी ठेवली. वरून गहू भरत गेला, खात गेला, पुन्हा भरत गेला. विकायचं मनात आलं ते तीबाला पहिल्यांदा दम लागला तेव्हा.

मी म्हटलं, ही तुझी नाहीत. तो म्हणाला, कुणाची आहेत? ज्यांची होती ते पंखा नेत होते. मी म्हटलं, देशाची. तो म्हणाला, कपाटात पडलेल्या चांदीला श्वास घ्यावा लागत नाही, मामा, माझ्या मुलीला लागतो. मी चाळीस वर्षं या विषयावर बोलत आलो, नजला. उठून चहा केला.

तुझी विनंती मला आठवत होती. ती सगळी नाणी पांढऱ्या चादरीवर पसरलेली असताना मला एवढंच म्हणायचं होतं, की बेटा, खोटी आहेत, उगाच जपलीस. तोंड उघडलंही. पण खऱ्याला खोटं म्हणायचं मला येत नाही. धैर्य-बिर्य नव्हे, सवय नाही इतकंच. आणि म्हटलं असतं तर त्याने रागाने ती कुठल्याही भट्टीवाल्याच्या तराजूत टाकली असती.

म्हणून मी त्याला पटवलं नाही, घाबरवलं. माझा लेख आणून समोर ठेवला. तडा गेलेलं नाणं, पानभर मोठं. म्हटलं, हा लेख अम्मानच्या त्या व्यापाऱ्याकडेही असेल. माझ्या सहीचा कागद असला तर लवकर फासावर जाशील, नसला तर थोडा उशिरा. तो बराच वेळ ते पान बघत राहिला. मग डबा माझ्याकडे सरकवला. माझा चेहरा मात्र त्याने पाहिला नाही.

डबा आता माझ्याकडे आहे. ते तिघं सरहद्दीपलीकडे पोचले, की मी तो आमच्या संग्रहालयात नेऊन देईन. सांगेन, कुणी अनोळखी माणूस झहरूनच्या दुकानात ठेवून गेला. नाणेविभाग आता सुहाद बघते, माझी विद्यार्थिनी. प्रवासाचं म्हणशील, तर मी पुस्तकं विकतो आहे. सगळी. मुतनब्बी रस्त्यावरचा एक पुस्तकवाला घ्यायला तयार आहे. डोळ्यांच्या या अवस्थेत ती तशीही भिंतच होती.

रागावशील. रागाव.

तुझा,
गानिम


मोसुल, ता. १५ ऑक्टोबर १९९६

दादा,

या खेपेला शि. सा. न. नाही.

तू पुस्तकं विकलीस. माझ्या लेकीला पाठवायला. मी तुला खोटं बोल म्हटलं तर तुझी जीभ वळली नाही, आणि तिला या घरातून न्यायला मात्र तुझा हात लगेच कपाटाकडे गेला. तू नाणी वाचवलीस आणि माझी पोर घालवलीस. चांदी तरी परत येते. अम्मानहून कोण परत आलं? तिथून पुढेच जातात.

रजवा येऊन माझ्या गळ्यात पडली, की गानिममामाने मार्ग काढला. मी तिच्यासमोर हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन भेंडीची बामिया करपवली.

तुझा लैथ लढाईवरून आला नाही, तेव्हा मी तुझ्याकडे येऊन राहिले होते. तू तेव्हा म्हणायचास, की ज्यांची मुलं जवळ आहेत त्यांना कळत नाही. मग तुला तरी कळायला हवं होतं. हे लिहायला नको होतं, पण कागद एवढाच आहे आणि खोडरबर नाही.

तीबाचे कपडे शिवते आहे. थोडे मोठेच शिवते, पुढच्या वर्षीही बसतील असे. पुढच्या वर्षी मी बघायला नसेन म्हणून.

तुला काही म्हणून संपवत नाही.

नजला


बगदाद, ता. २ नोव्हेंबर १९९६

चि. नजलास,

अ. उ. आ. तू दिले नाहीस तरी मी देतो.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्यात मला खोट काढता आली नाही.

थोडक्यात लिहितो. शामिलचा देशाबाहेर जायचा परवाना अडकला आहे. मास्तर माणसाला सहज सोडत नाहीत, हमीदार मागतात. आठवडे लागतील. मला तोवर थांबायचं होतं, पण काल झहरूनच्या दुकानात तपासणी झाली. कुणीतरी कुजबुजलं असणार, की म्हाताऱ्याकडे काही चांगलं आलंय. त्यांनी त्याचे खण उपसले, नक्षीची हत्यारं जमिनीवर ओतली आणि जाताना माझा पत्ता लिहून घेतला. घरी आले आणि डबा सापडला, तर तो मी दिलेला ठरणार नाही, माझ्याकडून पकडलेला ठरेल. मग शामिलपर्यंतची वाट फार छोटी आहे. शेजाऱ्यांनी त्याला माझ्या जिन्यावर पाहिलेलं आहे.

म्हणून उद्या देतो. सुहादला वर कळवावंच लागेल, तिचा इलाज नाही. मग ते मला बोलावतील. मी म्हणेन, अनोळखी माणूस, धूसर दिसतं मला. हे शेवटचं तरी खोटं नाही.

काही दिवस पत्र आलं नाही तर इकडे येऊ नकोस. चौकशीलाही नको. शामिलने नेहमीसारखी शाळा करावी, टॅक्सी चालवावी, परवान्यासाठी रोज जावं. तू शिवत राहा.

तुझा भाऊ,
गानिम


बगदाद, ता. १४ नोव्हेंबर १९९६

महाजीवनाच्या नावाने.

आदरणीय नजला बाईंस, झहरून सोनाराचा सलाम. तुमची माझी ओळख नाही, पण तुमच्या अंजिरांशी आहे.

तुमचे बंधू अबू लैथ सध्या पाहुणे म्हणून गेलेले आहेत. कुठे ते विचारू नये. जाताना त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. खिडकीतल्या झाडाला पाणी घालावं, शिंप्याकडून कोट आणावा आणि तुम्हाला लिहावं की ते मजेत आहेत. झाडाला पाणी घातलं. कोट आणला. तिसरी गोष्ट ही लिहिली.

एक लोकरी बंडी आत पाठवली, ती घेतली गेली. घेतली गेली म्हणजे अंगात घालणारा आहे, असं आम्ही धरतो.

आम्ही महाजीवनाला मानणारे, आमच्या धर्मात वाहतं पाणी सगळं धुतं म्हणतात. मी रोज नदीवर जातो तेव्हा तुमच्या भावाचं नाव घेतो, ते मुसलमान असले तरी. त्यांना सांगू नका, हसतील.

ते माझ्या दुकानात अनेक वर्षं बसले. लोकांना नाही म्हणायचे आणि मग माझ्याकडून त्यांना चहा द्यायला लावायचे. त्यांची खुर्ची रिकामी आहे. बसू कुणाला देत नाही.

आपल्या घरावर सावली राहो.

झहरून


बगदाद, ता. १ डिसेंबर १९९६

चि. नजलास,

अ. उ. आ. मी घरी आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, चष्मा फुटला आहे. काचेत तडा वर उठलेला दिसत नाही, आत गेलेला दिसतो, एवढी नवी माहिती मिळाली.

तिथलं फार लिहीत नाही. एकच प्रश्न होता आणि तो विचारणारी माणसं बदलत होती. कोण ठेवून गेला? मी म्हणत होतो, दिसलं नाही. एकजण तरुण होता, अदबीने बोलायचा. म्हणाला, काका, तुम्ही नाण्यावरचा केसाएवढा तडा बघता आणि माणसाचं तोंड बघत नाही? मी म्हटलं, बेटा, सरकारने मला नाणी बघायचा पगार दिला. त्यावर तोही हसला. बाकीचे हसणारे नव्हते. दात दुखतो आहे, त्याचा उपाय बघतो.

रोज सकाळी मनात एकच हिशेब करायचो, की आज तरी परवाना मिळाला असेल का, मला आणखी किती वेळ धूसर बघत बसायचं आहे.

शेवटी एका कागदावर सही घेऊन सोडलं. संग्रहालयात पाऊल टाकायचं नाही, बाजारात बसून मत द्यायचं नाही. नाणी तळघरातल्या एका पेटीत आहेत म्हणे, मोहोर लावून. बघायला, मांडायला माणूस नाही. काचेत पुन्हा कधी येतील असं मला वाटत नाही. झहरूनने खुर्ची दाखवली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दे.

घरात भिंती फार दिसतात आता. रजवाचं काय ते कळव. त्यासाठीच लिहायला बसलो.

तुझा,
गानिम


मोसुल, ता. ९ डिसेंबर १९९६

ती. गानिमदादास,

शि. सा. न. आणि सलाम, मागचे राहिलेलेही.

ते पोचले. तुझं पत्र यायच्या आदल्याच आठवड्यात. शेजारच्यांच्या फोनवर रजवा बोलली, अर्धा वेळ रडली आणि अर्ध्या वेळात फोन कापला गेला. फवारा मिळाला आहे. तीबा झोपते आहे, सरळ पडून, उशा न लावता. शामिलला एका बेकरीत ट्रे धुवायचं काम लागलं. भूगोलाचा मास्तर.

रजवाला निघताना मी काही सांगितलं नाही. शामिलला ठाऊक होतं तू कुठे आहेस ते. निघायच्या सकाळी म्हणाला, अम्मी, मी जात नाही, जाऊन सांगून टाकतो. मी म्हटलं, गाडीत बस. माझा भाऊ तिथे बसलाय तो काय तू जाऊन त्याचं केलेलं बुडवावंस म्हणून? मी माझ्या हाताने दार लावलं गाडीचं. तुला लिहिलं होतं त्या सगळ्यानंतर.

आता ऐक. आगगाडीच्या बाजूची खोली रजवाची होती, ती झाडून ठेवली आहे. अबू दाऊदची गाडी महिन्याअखेर रिकामी येणार आहे. कोट घेऊन ये, इथे थंडी तुमच्यासारखी शहरी नसते. नाही म्हणू नकोस. नाही म्हणायचं काम तुझं सुटलं आहे.

वाट बघणारी,
नजला


मोसुल, ता. १७ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. रजवास,

आईचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आणि तीबाचं चित्र मिळालं. चित्रात मी कोणती आणि मामा कोणता ते कळवणे. दोघांनाही मिश्या आहेत.

मामा आला, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. पाहुणा म्हणून फार खोडसाळ आहे. चहा कडक लागतो, भात सुटा लागतो, रेडिओ हळू लागतो. दिवसभर शेगडीपाशी बसतो. पहिले काही आठवडे तर नुसता माझ्याबरोबर मसूर निवडायचा. खडा त्याच्या बोटांतून सुटत नाही. शेजारची विधवा फतीम तिच्या आईच्या गळ्यातलं नाणं दाखवायला आली, तर मी दारातच सांगितलं, की त्याला आता दिसत नाही. तो आतून म्हणाला, बसू दे तिला, चहा दे. नाणं तळहातावर घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, मला मत द्यायची मनाई आहे, बाई, पण आईचं आहे तर विकू नका. ती नाणं घेऊन, चहा पिऊन गेली. खरं होतं की खोटं, मी विचारलं नाही.

काल झहरून सोनाराने माणसाबरोबर निरोप पाठवला. सुहाद बाईंनी मोहोर काढायची परवानगी मिळवली आहे. तळघरात बसून ती एकटी सगळी नाणी पुन्हा नोंदते आहे, जुन्याच अनुक्रमाने. मांडणार नाहीत, पण नोंद होते आहे. मामाने ऐकून मान हलवली. वाटलं होतं, आनंदी होईल. तो म्हणाला, दिवा पुरेसा आहे का तिच्याकडे, ते विचारायला हवं होतं.

तू लिहिलंस, की शामिल तुला काहीच सांगत नाही, फक्त दर पत्रात विचार म्हणतो, की मामा माझ्याबद्दल काय बोलतात. मी ते मामाला तसंच वाचून दाखवलं. त्याने शेगडीतली राख सारखी केली. मग म्हणाला, शामिलला लिही. त्या गावच्या संग्रहालयातलं दुसरं काहीही परत आलं नाही. मडकी नाहीत, शिक्के नाहीत, काचेचे मणी नाहीत, काही नाही. परत आलं ते फक्त त्याने वेचलेलं.

मी म्हटलं, म्हणजे तू त्याला माफ केलंस असं लिहू का? म्हणाला, माफीचं मला कळत नाही. जे आहे ते सांगितलं. पण मग स्वतःच म्हणाला, की हे त्याला बेकरीतून घरी आल्यावर, जेवण झाल्यावर वाचून दाखव, दमलेल्या माणसाला उभ्याने वाचायला देऊ नकोस. तेव्हा तसं कर.

मी तीबासाठी मोजे विणते आहे. पायाचं माप पाठव. कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, एवढंच. तिथे पेन्सिली असतील.

तुमच्या तिघांच्या खुशालीवर जगणारी,
आई